मदत हवी आहे: बाइकच्या हिटेड ग्रिप्सच्या (हँडलच्या गरम होणाऱ्या मुठींच्या) रिलेला इग्निशनची लाइन कुठून घेऊ?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात मनाली-लेह करायचं आहे. गेल्या वेळी बारालाचा ला खिंडीत पहाटे बोटं इतकी बधिर झाली की क्लच दाबलाय की नाही तेच कळेना. म्हणून माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ बाइकला हिटेड ग्रिप्स घेतल्या. १२ व्होल्टचा सेट, फुल हीटवर साधारण ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॅट ओढतो.

गॅरेजवाल्याने थेट बॅटरीला जोडून दिल्या. एका रात्री बंद करायचं राहिलं आणि सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली. हे मनाली-लेहच्या वाटेवर सरचूला झालं असतं तर?

आता स्वतः ४ पिनचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावतोय. बॅटरीच्या प्लसजवळ ७.५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ नंबरच्या पिनवरून ग्रिप्स, ८५ अर्थिंगला. अडलंय ते ८६ वर. किल्ली फिरवल्यावरच करंट येईल अशी वायर कोणती घ्यावी, टेललॅम्पची की दुसरी? हेडलाइटच्या वायरिंगला कापाकापी नको आहे.

शिवाय उजव्या ग्रिपची वायर थ्रॉटल पूर्ण पिळला की ताणते. थ्रॉटल अडकला तर घाटात जिवावरच बेतेल, याचीच जास्त धास्ती आहे. तुम्ही ती कुठून फिरवली, किती ढील ठेवली? फोटो असेल तर नक्की टाका.