मदत हवी आहे: टाइम ऑफिसमधून ट्रेनिंगकडे जायचंय. एमबीए (एचआर) करू, एमएसडब्ल्यू करू, की लेबर स्टडीज?

पंचिंग मशीन:

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत टाइम ऑफिसला आहे. बी.कॉम. झाल्यावर इथेच लागले. हजेरी, ओटी (ओव्हरटाइम), पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्याचं चलन, ठेकेदारांची बिलं, कँटीनची कुपनं, गणवेशाची मापं, सगळं माझ्याकडे. कार्डावर 'एचआर एक्झिक्युटिव्ह' छापलंय खरं. पण महिनाअखेरीला मशीनचं पंचिंग आणि ठेकेदाराचं रजिस्टर जुळत नाही आणि मी तो फरक शोधत बसते, तेव्हा यात एचआर किती आणि मुनीमजी किती, हे तुम्हीच ठरवा.

नवे अप्रेंटिस आले की पहिल्या दिवशी त्यांना रजा, पीएफ, सेफ्टी शूज, गेटपास हे मी समजावते. साहेबांनी गळ्यात मारलेलं काम, पण अख्ख्या महिन्यात मला तेवढंच आवडतं. पोरं घाबरलेली असतात. 'पगारातून कापलेला पीएफ परत मिळतो का हो मॅडम?' हा प्रश्न दर बॅचला येतोच. तर मला ट्रेनिंग, माणसं घडवणं या बाजूला जायचंय.

पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाने एमबीए एचआरचे आठ-नऊ लाख सांगितलेत. नोकरी सोडावी लागेल ते वेगळंच. धाकट्याचं शैक्षणिक कर्ज आधीच चालू आहे. मैत्रीण म्हणते एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी कर, स्वस्त पडेल. आमचे साहेब म्हणतात संध्याकाळचा लेबर लॉचा डिप्लोमा पुरे. काय करू? आणि हे नवे कामगार कायदे आल्यावर जुने कोर्स उपयोगाचे राहिलेत का?

मस्टर:

कॅट किंवा झॅट या प्रवेश परीक्षा फोडायची तयारी असेल तर टाटा समाजविज्ञान संस्था आणि जमशेदपूरची एक्सएलआरआय, या दोन ठिकाणांसाठी कर्ज काढायला मी कुणालाही हो म्हणेन. देवनारच्या टाटा संस्थेची सुरुवात १९३६ ची, जमशेदपूरची १९४९ ची. या क्षेत्रात दोन्हींचं नाणं अजून खणखणीत वाजतं. टाटाचं एचआर आता कॅटच्या गुणांवर आहे, झॅट जानेवारीत असते. ते जमणार नसेल तर कुठल्याशा चकचकीत कॅम्पससाठी नऊ लाख घालू नका. तिथून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच मुली कन्सल्टन्सीत बसून दिवसभर रिझ्युमे चाळतात. त्यापेक्षा तुमचं आताचं काम बरं.

तिसरी पाळी:

ताई, मी चाकणला प्लांट एचआर बघतो. माझी भरती कामगार बाजूने झाली, म्हणून त्याच बाजूचं सांगतो.

साहेबांचा डिप्लोमाचा सल्ला अर्धा बरोबर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कामगार कल्याण अधिकारी नेमावाच लागायचा. नव्या कामगार संहितेत हा आकडा २५० वर आणलाय. म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांतही ही जागा निघणार. पण तिला वाटेल ती पदवी चालत नाही. राज्य शासनाने मान्य केलेली समाजकार्य किंवा कामगार कल्याणाची पदवी-पदविका लागते, शिवाय कामगारांची भाषा यावी लागते. इथे एमबीए (एचआर) वाले हमखास अडकतात. सगळं वर्ष लीडरशिप शिकलेला मुलगा मुलाखतीला येतो आणि कागदावर तो पात्रच नसतो. म्हणून कुठलाही कोर्स घ्या, पण फी भरायच्या आधी 'वेल्फेअर ऑफिसरसाठी शासनमान्य आहे' हे लेखी मागा. काउंटरवरचं 'हो हो, चालतं' धरू नका.

तुमच्या यादीत मुंबईची एक जागा नीट आलेली नाही. परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था, राज्याच्या कामगार विभागाची. तिथे मास्टर ऑफ लेबर स्टडीज होतं, फी खासगीच्या मानाने फारच कमी. (लोखंडे म्हणजे तेच, ज्यांच्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आमच्या प्लांटला रविवारी ओटी लागला की मला त्यांची आठवण येते.) अडचण एकच, मुंबईत राहण्याचा खर्च.

नव्या कायद्यांचं म्हणाल तर २९ जुने कायदे चार संहितांत घातले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू केल्या. जुनं शिकलेलं वाया जात नाही, पण मुलाखतीत आता हेच विचारतात: भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, त्याचा पीएफवर काय परिणाम? माणूस सोडून गेला तर त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, ते तुमच्या पगारपत्रकात कसं बसवाल? मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्षभरात ग्रॅच्युइटी कशी मिळते? चलन भरणाऱ्या माणसाला ही उत्तरं एमबीएवाल्यापेक्षा लवकर सुचतात. तुम्ही टाइम ऑफिसला कमी लेखताय, तसं करू नका.

सातारी कंदी:

मी एलअँडडीत, म्हणजे ट्रेनिंगच्या विभागात आहे, आधी कारखान्यात, आता आयटीत. तिसरी पाळी यांचं सगळं मान्य, पण ताईंना वेल्फेअर ऑफिसर व्हायचं नाहीये, ट्रेनिंग करायचंय. तो वेगळा रस्ता आहे.

आपल्याकडे एचआरडी (मनुष्यबळ विकास) हे स्वतंत्र खातं म्हणून उभं राहिलं ते १९७५ च्या सुमारास एल अँड टीत. आयआयएम अहमदाबादचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी ते सुचवलं होतं. पगार-शिस्त एका बाजूला आणि माणसाची वाढ दुसऱ्या बाजूला, असा विचार त्यामागे होता. पन्नास वर्षं झाली तरी बहुतेक प्लांटमध्ये ती दुसरी बाजू म्हणजे वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर आणि सह्यांची शीट एवढीच आहे.

आता तुमच्या कामाचं. तुमच्या लाइनवर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, लावलेली असेलच. चार भाग केलेलं वर्तुळ, एक भाग काळा म्हणजे शिकतोय, पूर्ण काळं म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आयएटीएफचा (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचा) ऑडिटर आला की तो हीच बघतो आणि एखाद्या ऑपरेटरचं नाव घेऊन विचारतो, 'याला वेल्डिंगच्या वर्तुळाचा तिसरा भाग कधी दिला, कशावरून दिला?' तिथे उत्तर देताना प्रॉडक्शनवाले आणि एचआर एकमेकांकडे बघतात. बऱ्याच ठिकाणी ऑडिटच्या आदल्या रात्री ती वर्तुळं मार्करने रंगवली जातात. ती फाइल मागून घ्या. डोजो (लाइनवर पाठवण्याआधी काम शिकवायची जागा) असेल तर तिथे पाळीच्या सुरुवातीला जाऊन बसा. अप्रेंटिसशिप कायद्यात ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे ते काम संपणारं नाही आणि तुमच्याकडे ते आधीच आहे. पहिल्या दिवसाचं माहितीसत्र तीन महिन्यांच्या आराखड्यात वाढवलं, महिन्याच्या शेवटी कोण गळालं आणि का हे लिहून ठेवलं, तर पुढच्या मुलाखतीत त्यावर बोलायला तासभर पुरेल. ट्रेनर म्हणून घेताना आम्ही डिग्री बघतो, नाही असं नाही. पण समोरच्याने एखाद्या कामात फरक पाडलाय का, हे जास्त बघतो.

कोर्स मात्र हवाच, कारण असिस्टंट मॅनेजरच्या पुढे पदव्युत्तर पदवीशिवाय अर्ज चाळणीतच गळतो. माझं मत: सरकारी किंवा जुन्या अनुदानित कॉलेजात सीईटीने (राज्याच्या प्रवेश परीक्षेने) एमबीए. एमएसडब्ल्यू आवडीने करणार असाल तर उत्तम, फक्त स्वस्त म्हणून करू नका. त्यातलं फील्डवर्क जीव काढतं.

पंचिंग मशीन:

सगळ्यांचे आभार. वर्तुळं रंगवायचं वाचून हसू आलं, आमच्याकडे तो मार्कर माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो. डोजो आहे, उद्याच जाऊन बसते.

खासगी विद्यापीठ यादीतून काढलं. आता सीईटीने एमबीए की परळ, एवढंच उरलंय. आम्ही ओबीसीत, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. फीमध्ये काही सवलत बसते का?

मस्टर:

बसते, आणि हे आधी सांगायला हवं होतंत. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय बघा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोटा चालत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठंही नाहीत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये तहसीलला रांग लागते.

तिसरी पाळी:

आणि मान्यतेचं पत्र मागताना अर्ज संचालकांच्या नावे द्या, पोच घ्या. 'वेल्फेअर ऑफिसर पदासाठी शासनमान्यता आहे का, असल्यास आदेश क्रमांक' एवढं एकच वाक्य पुरे. एमबीएच्या कॉलेजलाही हाच अर्ज द्या. नाही म्हणाले तर त्याच वर्षी संध्याकाळी डिप्लोमा जोडता येतो का ते त्यांच्याच ऑफिसात विचारून घ्या.