घरोघरी नळ आले, मग पाण्यासाठी जागायचं बायकांनीच का?

डिचोलीची सून:
नमस्कार, एक विचारायचं होतं. २०२२ मध्ये गोवा हे 'हर घर जल' (गावातल्या प्रत्येक घरी नळाचं पाणी) प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं राज्य झालं, नळ आमच्याकडेही आहे, पण मार्च-एप्रिल लागला की पाणी येतं पहाटे तीन-साडेतीनला तेही बारीक धारेने, आणि उठणार कोण तर मी नाहीतर सासूबाई, टाकी भरेस्तोवर जागायचं मग डबे मग माझी नोकरी. घरचे पुरुष वाईट नाहीत हो, पण हे आपलं काम असं त्यांना वाटतच नाही. टँकर आला तरी कळशा घेऊन धावणार बायकाच. पाण्याची वेळ बदलून घ्यायची तर कुठे बोलायचं?

सत्तरी तालुक्यातली बाई (शाळेत शिकवते):
ताई अगदी हेच इथे. डब्ल्यूएचओ-युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात वाचलंय, जगात ज्या घरांना पाणी बाहेरून आणावं लागतं त्यातल्या दहापैकी सात घरांत ते बायका-मुलीच आणतात. शाळेत तर अजून वेगळंच, टॉयलेट बांधलेलं असतं पण दाराला कडी नाही नाहीतर नळ कोरडा, मग पाळीच्या दिवसांत मोठ्या मुली येतच नाहीत. २०१८ ला पॅडवरचा जीएसटी गेला, चांगलंच झालं, पण पॅड बदलायला पाणी आणि बंद होणारं दार नको का?

बाजारातली पोर:
माझी आई बाजारात भाजी विकायला बसते, पहाटे घरून निघते ती दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. तहान लागत नाही असं नाही, तिथल्या संडासात पाय ठेववत नाही म्हणून. पुरुष कुठेही आडोसा बघतात, तिने काय करायचं? युरिन इन्फेक्शन परत परत होतं, डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या. मला खूप राग येतो, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या मासळीवाल्या मावशांचंही हेच आहे.

प्लंबरभाऊ:
वहिनी, वेळेचं सांगतो. उंचावरच्या वाड्याला (वस्तीला) टाकीत दाब आल्यावरच पाणी चढतं, म्हणून रात्री सोडतात. पण वाड्यांची पाळी लावून एक दिवसाआड संध्याकाळी देता येतं, आमच्याकडे केलंय. जल जीवन मिशनच्या (घरोघरी नळाची केंद्राची योजना) नियमाप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका पाहिजेत, शिवाय पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं ट्रेनिंग द्यायचं असतं. पंचायतीत जाऊन आधी यादी मागा. बऱ्याच ठिकाणी नावं बाईची आणि मीटिंगला नवरा, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

डिचोलीची सून:
यादीचं डोक्यातच आलं नव्हतं भाऊ, थँक्यू. वाड्यावरच्या सात-आठजणी मिळून ग्रामसभेच्या आधी लेखी देतो, त्यात बाजारातल्या संडासाचंही घालते. मराठीतून दिलं तर चालतं ना?

प्लंबरभाऊ:
चालतं. पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट.