मदत हवी आहे: कोलॉसल केव्ह गेममधली गुहा खरी किती आणि रचलेली किती?

नमस्कार मंडळी, विषय जुनाट आहे, पण इथे गेमवाले आणि डोंगर-गुहा फिरणारे दोन्ही आहेत म्हणून विचारतोय.

गेले दोन आठवडे रात्री जेवणं झाली की मी आणि आठवीतला भाचा कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर खेळतोय. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. पहिल्या दिवशी म्हणाला, मामा गेम कुठाय यात? आता तोच वहीत नकाशा काढत बसतो. परवा अर्धा तास पक्षी पिंजऱ्यात येईना, शेवटी कळलं की हातात काळी काठी असली की पक्षी घाबरतो, काठी खाली ठेवली आणि लगेच आला! मग त्याच पक्ष्याने पुढे सापाला हाकललं.

तर त्याने विचारलं, ही गुहा खरी आहे का? मी ऐटीत सांगितलं, हो, अमेरिकेत केंटकीमध्ये मॅमथ केव्ह आहे, तिचा बेडक्विल्ट नावाचा भाग. गेम लिहिणारा विल क्रॉदर बीबीएन कंपनीत आर्पानेटचं (इंटरनेटच्या आधीचं कॉम्प्युटर नेटवर्क) काम करायचा, बायको पॅट्रिशिया पण पट्टीची गुहा फिरणारी, सप्टेंबर १९७२ मध्ये शेजारची फ्लिंट रिज गुहा आणि मॅमथ केव्ह आतून जोडलेल्या आहेत हे ज्या टीमने शोधलं त्यात ती होती. नवराबायको मोजमापं कॉम्प्युटरवर चढवून नकाशे काढायचे. मग घटस्फोट झाला, गुहेत जाणं सुटलं, आणि १९७५-७६ च्या सुमारास त्याने मुलींसाठी हा गेम फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला.

भाचा म्हणतो, मग साप, बुटके, जादूचा शब्द हे पण गुहेत होतं का? इथे मी गप्प. क्रॉदर मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचा (जादू-राक्षसांच्या गोष्टीत पात्र बनून खेळायचा तो गेम, १९७४ चा) एवढं माहितीये, आणि स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने १९७७ मध्ये बरीच भर घातली हे पण. माझा समज असा की क्रॉदरने नुसती गुहा लिहिली आणि जादूबिदू सगळी वुड्सची. बरोबर आहे का? जाणकारांनी सांगा प्लीज, भाच्यासमोर इज्जतीचा प्रश्न आहे.

प्रतिसाद १:
नाही हो, समज चुकीचा आहे, पण बहुतेकांचा तोच असतो. क्रॉदरचा मूळ कोड हरवला असंच सगळे धरून चालले होते, तो वुड्सच्या स्टॅनफर्डमधल्या जुन्या खात्याच्या बॅकअपमध्ये सापडला आणि डेनिस जर्झ या प्राध्यापकाने २००७ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. त्या कोडमध्ये पक्षी, साप, कुऱ्हाड फेकणारे बुटके, एक्सवायझेडझेडवाय हा जादूचा शब्द, सगळं आधीपासून आहे. वुड्सने गुणांची पद्धत आणली, ट्रोल, अस्वल, ज्वालामुखी घातला. केंटकीत कुठला ज्वालामुखी! वुड्सकडे क्रॉदरची परवानगी मागायला पण पत्ता नव्हता, तर आर्पानेटवरच्या एकूण एक मशीनवर 'क्रॉदर' या नावाला मेल टाकली पठ्ठ्याने.

आणि भाच्याला हे दाखवा, गेम शब्दाची पहिली पाचच अक्षरं बघतो, म्हणून 'नॉर्थईस्ट' पूर्ण टाइप केलं तर त्याला ते 'नॉर्थ'च वाटतं, 'एनई' लिहावं लागतं. गेम ज्यावर लिहिला त्या पीडीपी-१० कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या ३६ बिटांच्या एका कप्प्यात ७-७ बिटांची पाचच अक्षरं मावायची.

मूळ धागाकर्ता:
अरे बापरे, म्हणजे काल आम्ही नॉर्थईस्ट नॉर्थईस्ट टाइप करत उगाच त्याच भिंतीवर डोकं आपटत होतो! धन्यवाद. आता एकच राहिलं, खऱ्या बेडक्विल्टचा सर्व्हे नकाशा कोणाकडे आहे का? भाच्याच्या वहीतला शेजारी ठेवून बघायचाय.