डोक्याला पट्टी, तरी बर्फावर

बी-४०२: शांघायचा नोव्हेंबर २०१४ चा तो व्हिडिओ पुन्हा फिरतोय. जपानचा फिगर स्केटर युझुरू हान्यू, डोक्याला पट्टी, हनुवटीला चिकटपट्टी, पाच वेळा पडला, तरी रौप्य. खाली सगळ्यांचं "काय जिगर, काय जिगर". मला विचाराल तर त्या दिवशी त्याला उतरू दिलं तेच चुकलं. जेमतेम १९ वर्षांचा होता.

सी-१०३: ताई, जिगर होतीच, पण रौप्य मिळालं ते गुणांच्या तक्त्यामुळे. तेव्हा क्वाडवर, म्हणजे चार फेऱ्यांच्या उडीवर, आपटलात तरी हवेतल्या फेऱ्या पूर्ण असल्या की हातात बरंच उरायचं, त्याच उडीच्या नीट उतरलेल्या ट्रिपलपेक्षाही (तीन फेऱ्या) जास्त. त्याचे एकूण २३७.५५, पहिल्या आलेल्या माक्सिम कोव्तुनचे २४३.३४. पाचदा पडून सहा गुणांचाही फरक नाही!
२०१८ मध्ये तक्ता बदलला. त्यात टो लूप या उडीच्या क्वाडची मूळ किंमत ९.५. पडलात की परीक्षकांचे उणे पाच, म्हणजे निम्मी गेली, उरले ४.७५. वर पडल्याचा एक कापला, ३.७५. साधा ट्रिपल टो लूप नुसता उभ्याने उतरवला तरी ४.२ आहेत. शिवाय सीनियर गटात पहिल्या दोन वेळा पडल्याचा एकेक गुण जातो, तिसऱ्या-चौथ्याला दोन-दोन, पाचव्याला तीन. पाचदा पडलात तर नऊ गुण नुसते पडण्याचे गेले.

बी-४०२: म्हणजे तेव्हा तक्ताच सांगत होता की जखमी असलास तरी क्वाड मारून ये.

सी-१०३: तसंच म्हणा.

बी-६०५: पण मुळात ती टक्कर सहा मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये झाली, हे कोणी बोलत नाही. ६० बाय ३० मीटरच्या रिंकवर सहा जण एकदम सुटतात. क्वाडसाठी वेग लागतो, आणि अ‍ॅक्सल ही उडी सोडून प्रत्येक उडीचा टेक-ऑफ पाठमोरा. बघायचं ते खांद्यावरून. सरावाच्या वेळी रीत असते, ज्याचं संगीत चालू त्याला वाट द्यायची. वॉर्म-अपमध्ये कोणाचंच संगीत नसतं, त्यामुळे वाट कोणाची हाही प्रश्नच. हान्यू आणि चीनचा यान हान दोघंही वेगात होते, समोरासमोर आले. यानही नंतर फ्री स्केटला, म्हणजे मोठ्या कार्यक्रमाला, उतरलाच की. त्याच्यावर कोणी लेख लिहिले नाहीत.

ए-७०१ (डॉक्टर): ६०५, बरोबर. आता माझा मुद्दा. हनुवटीचे सात आणि डोक्याचे तीन टाके हा तिथला धोका नव्हताच. टाके भरतात. धोका कन्कशनचा, मेंदूला बसलेल्या हादऱ्याचा. रिंकच्या कडेला डॉक्टर काय बघू शकतो? शुद्ध गेली होती का, तारीख-जागा सांगता येते का, शब्द लक्षात राहतात का, एका पायावर तोल, बुबुळं. हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत ठीक दिसू शकतं. डोकेदुखी, मळमळ, प्रकाश सहन न होणं कधी कधी काही तासांनी येतं. म्हणून हल्लीचा दंडक सरळ आहे, नुसता संशय असला तरी त्या दिवशी खेळ बंद. परतायचं ते सहा पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. म्हणजे काही न बिघडता आठवडा.
त्यात हा खेळ फेऱ्यांचा. आतल्या कानाचा तोल बिघडलेल्या माणसाला तेव्हाचं साडेचार मिनिटांचं फ्री स्केट, आठ उड्या. दुसऱ्यांदा डोकं बर्फावर आपटलं असतं तर पहिल्या हादऱ्यावर दुसरा.

ए-३०२: डॉक्टर, मग दोष कोणाचा? लोकांनी तेव्हा थेट प्रशिक्षकाला धरलं होतं. आज हीरो व्हायची वेळ नाही, असं ब्रायन ऑर्सरनी त्याला बजावलं होतं ना?

ए-७०१ (डॉक्टर): बजावलं आणि शेवटी ऐकलं त्याचंच. माझी तक्रार तीच आहे. १९ वर्षांचा ऑलिंपिक विजेता रक्त पुसत "मी उतरतो" म्हणणारच. त्याला विचारायचंच नसतं. निर्णय त्या खोलीतल्या, पदकाशी देणंघेणं नसलेल्या माणसाचा हवा.

सी-१०३: नियमात वेळ मात्र मोजून दिलेला आहे. वॉर्म-अपमध्ये इजा झाली आणि लगेच नंबर असेल तर रेफरी जास्तीत जास्त तीन मिनिटं वाढवून देतो. कार्यक्रम चालू असताना झाली तर तीन मिनिटं आणि पाच गुण कापून पुढे सुरू. तीन मिनिटांत आला नाही तर स्पर्धेबाहेर. बुटाची नाडी बांधायला हे पुरतं, मेंदू तपासायला नाही.

बी-६०५: आणि थांबलं तरी शिव्याच. सोची ऑलिंपिक, १३ फेब्रुवारी २०१४, पुरुषांचा शॉर्ट प्रोग्राम. एव्गेनी प्लुशेन्को, वय ३१, वर्षभरापूर्वी पाठीत कृत्रिम चकती बसवलेली. वॉर्म-अपमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सलवरून वाईट उतरला, पाठ धरली, रेफरीकडे जाऊन माघार घेतली. रशियात गदारोळ. कारण रशियाला पुरुषांची एकच जागा होती आणि राष्ट्रीय विजेता कोव्तुन घरी बसला होता. सांघिक सुवर्ण घेऊन झालं, आता पळाला, असं बोलले लोक.

ए-३०२: त्याच दिवशी अमेरिकेचा जेरेमी अ‍ॅबट क्वाडवर पडून खुबा धरून आडवा झाला होता, उठला, कार्यक्रम पुरा केला, तर प्रेक्षागृह डोक्यावर घेतलं. एकच दिवस, एकच बर्फ.

बी-४०२: प्लुशेन्कोची निवड मात्र आधीच वादात होती. राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आलेला. बंद दाराआड चाचणी घेऊन त्याला पाठवलं. राग त्या चाचणीवर हवा होता, माघारीवर नाही.

ए-७०१ (डॉक्टर): हो. सांघिक स्पर्धेत ६ आणि ९ तारखेला दोन कार्यक्रम केलेल्या पाठीला चार दिवसांत तिसरा. क्वाडच्या लँडिंगला शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भार एका पायावर येतो. गुडघा-घोट्याने झेलला नाही की तो कमरेत जातो.

बी-६०५: घोट्यावरून, हान्यूचं २०१७-१८ कोणी नीट समजून घेतलं तर टीका कमी होईल. नोव्हेंबरात ओसाकाला सरावात क्वाड लुट्झवर पडला, उजव्या घोट्याचा बाहेरचा लिगामेंट गेला. मग एकही स्पर्धा नाही, थेट फेब्रुवारीत प्योंगचांग ऑलिंपिक. तिथे क्वाड निवडले फक्त साल्काव आणि टो लूप. का? डावीकडे फिरणाऱ्या स्केटरचा लूप उजव्याच पायावरून उडतो, आधाराला दुसरा पाय नाही. लुट्झला आणि फ्लिपला उजव्याच पायाचं टो पिक (ब्लेडचे पुढचे दात) बर्फात ठोकायचं. साल्काव डाव्यावरून. टो लूप उजव्यावरून असला तरी डाव्या टो पिकचा टेकू मिळतो. उतरायचं मात्र सगळ्यांना उजव्यावरच, त्याला इलाज नाही. एकूण ३१७.८५ आणि सुवर्ण. ते धाडस वगैरे नव्हतं, काटछाट होती.

ए-३०२: बुटात टेप बांधून भागत नाही का?

बी-६०५: टेप बसते, पण बूट पायाच्या मापावर साच्यासारखा बसवलेला असतो. आधीच सुजलेला पाय, त्यावर दोन-तीन थर, की घट्ट होऊन पुढची बोटं बधिर. मग लोक वरचे हुक कचकून आवळतात. घोटा आवळला की गुडघा पुढे वाकत नाही, आणि डॉक्टर म्हणाल्या तसा भार वर सरकतो. आधी बुटाचं कातडं त्या जागी फुगवून घ्यावं लागतं, ते स्पर्धेच्या सकाळी होत नाही.

ए-७०१ (डॉक्टर): आणि इंजेक्शन. लिडोकेनसारखं भूल देणारं चालतं. स्टिरॉइडचं कुठल्याही मार्गाचं इंजेक्शन जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात बंद, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक जानेवारी २०२४ पासून. भुलेने दुखणं जातं, पण घोटा कुठल्या कोनात आहे हे कळणंही कमी होऊ शकतं, आणि एजवर, म्हणजे ब्लेडच्या कडेवर, उतरायचं तर तेच हवं असतं.

बी-४०२: २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला तसंच केलं ना हान्यूने? आदल्या दिवशी सरावात घोटा मुरगळला, इंजेक्शन घेऊन क्वाड अ‍ॅक्सल. काका, इथे तुमचा तक्ता काय म्हणतो?

सी-१०३: मूळ किंमत १२.५. फेरी थोडी कमी पडली म्हणून १० धरले. पडल्याचे पाच गेले, राहिले पाच. वर एक कापला. चार. नीट उतरलेला ट्रिपल अ‍ॅक्सल आठचा आहे आणि तो त्याला झोपेत येतो. स्पर्धेत चौथा आला.

बी-४०२: मग उडी का मारली?

सी-१०३: तक्त्यात तरी कारण नाही.