मदत हवी आहे: लिंड्सबर्गच्या १८८२ च्या गायनवृंदाची माहिती

नमस्कार. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लिंड्सबर्ग या जेमतेम पावणेचार हजार वस्तीच्या गावावर मी लेख लिहीत आहे. १८६९ मध्ये पाद्री उलोफ उल्सन यांच्यासोबत आलेले स्वीडिश शेतकरी तेथे स्थिरावले. १८८१ मध्ये कार्ल स्वेन्सन यांनी बेथनी महाविद्यालय काढले आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी संगीतकार हेंडेलचा 'मेसाया' हा येशूवरील दीर्घ गायनप्रबंध सादर केला, जो आजही ईस्टरच्या सुमारास गायला जातो. तिथल्या रंगीत दाला घोड्यांवर (स्वीडिश परंपरेतील लाकडी घोडे) हवा तेवढा मजकूर सापडतो. पहिल्या गायकांवर मात्र दोन-चार ओळींपलीकडे काही हाती लागत नाही.

मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीने खुली केलेली स्वीडिश-अमेरिकन वृत्तपत्रे मी चाळली आहेत, परंतु डोक्यावर टिंबे असलेली अक्षरे यंत्रवाचनात (संगणकाने स्कॅनमधील मजकूर ओळखताना) साधी उमटल्यामुळे अर्धे शब्द शोधात येतच नाहीत. मला स्वीडिश कोशाच्या आधारानेच वाचता येते, आणि प्रत्यक्ष जाणे शक्य नाही. स्कॅनचे माफक शुल्क देण्याची तयारी आहे.

हे शेतकरी १८८२ मध्ये इंग्रजीत गायले की स्वीडिशमध्ये, हे सांगणारी त्या काळची पत्रे किंवा चर्चची इतिवृत्ते कोणत्या संग्रहात आहेत, आणि ती दुरून मागवता येतात का?