केपटाउन क्रूझ + सफारी: घाईत मदत हवी आहे

उनाड_पाखरू: क्रूझ जवळपास ठरलीय, एजंट उद्या पैसे मागतोय. केपटाउनहून निघून तिथेच परत. सफारी पोर्ट एलिझाबेथहून अॅडो पार्कला करू की रिचर्ड्स बेहून ह्लुह्लुवे अभयारण्यात? दोन्हीकडे जहाज एकच दिवस थांबतं. गुगल करून झालंय, अनुभव सांगा.

बोरीबंदर: महिना कोणता? किती जण? पासपोर्ट भारतीयच ना? वाटेतली बाकीची बंदरं?

भटक्या_काका: यलो फीवरची लस आधी घ्या! आम्हाला केनियाहून परतताना विमानतळावर कार्ड मागितलं होतं.

बोरीबंदर: काका, तो केनिया. दक्षिण आफ्रिका यलो फीवरच्या देशांच्या यादीत नाही. उगाच घाबरवू नका.

भटक्या_काका: घेऊन ठेवली तर बिघडतं का? जन्मभर चालते.

वऱ्हाडी_ठेचा: एवढा पैसा घालवण्यापेक्षा ताडोबा करा. वाघ आफ्रिकेच्या जंगलात नाहीच.

उनाड_पाखरू: ताडोबा झालाय. भारतीय पासपोर्ट, फेब्रुवारी, आम्ही दोघं आणि मुलगा, ४ वर्षांचा. रिचर्ड्स बेच्या आधी मापुतो आहे. त्याचा काय संबंध?

बोरीबंदर: तोच तर मुद्दा! मापुतो मोझांबिकमध्ये. म्हणजे तुम्ही दक्षिण आफ्रिकेबाहेर जाऊन परत शिरणार. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा मागा. मोझांबिकच्या व्हिसाचं क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

सावली७: लहान मूल आहे तर मी डोळे झाकून अॅडो म्हणेन. तिथे मलेरिया नाही, बंदरापासून साधारण ७० किमी. १९३१ मध्ये पार्क झालं तेव्हा जेमतेम ११ हत्ती उरले होते, आता कळपच्या कळप दिसतात. उघड्या जीपमध्ये बरेच जण ६ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, बंद गाडीचं आधीच विचारा.

गेंडाप्रेमी: हत्ती काय, कुठेही दिसतात. ह्लुह्लुवे १८९५ पासूनचं अभयारण्य आहे, पांढरा गेंडा तिथेच वाचला. फेब्रुवारीत गवत उंच असतं, हे मात्र खरं.

सावली७: आणि मलेरिया? तिकडे थोडा का होईना, धोका आहेच. शिवाय मापुतोत तर आहेच, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही ठिकाणं सांगा.

बोरीबंदर: सफारी जहाजाकडूनच घ्या, महाग पडली तरी. त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं. बाहेरची टॅक्सी अडकली तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा.

खादाड_खवय्या: जहाजावर जैन जेवण मिळतं का हो?

उनाड_पाखरू: अॅडोच करतो. एजंट म्हणतोय मल्टिपल एन्ट्री लागत नाही!!

बोरीबंदर: मग त्याला तसं ईमेलवर लिहून मागा. पैसे त्यानंतर.

वऱ्हाडी_ठेचा: ताडोबा मंगळवारी बंद असतं, कुणी जाणार असाल तर.