शब्दचर्चा: हट्ट ‘धरतात’, तोल ‘सुटतो’

प्रश्न: ऑटिझम असलेल्या मुलाच्या ‘मेल्टडाउन’ला, म्हणजे भार असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटण्याला, मराठीत काय म्हणावं? त्रागा, थयथयाट, आकांडतांडव, या सगळ्यांत मूल मुद्दाम करतंय असा सूर येतो.

प्रतिसाद: सूर बरोबर ओळखलात. क्रियापदं बघा. हट्ट धरतात, त्रागा करतात, भोकाड पसरतात. तोल मात्र सुटतो. ‘त्याने हट्ट धरला’ आणि ‘त्याचा तोल सुटला’, या ‘ने’ आणि ‘चा’मध्येच सगळं आलं. म्हणून ‘तोल सुटणं’. शिवाय हट्ट कशाचा तरी असतो. ती वस्तू मिळाली की रडं ओसरतं. तोल सुटलेल्या मुलाच्या हातात तेच खेळणं दिलं तरी ते भिरकावलं जातं, कारण खेळणं निमित्त होतं. गोंगाट, टोचणारी शिवण, भूक, ऐनवेळी बदललेला बेत यांचा भार आधीपासून साठत आलेला असतो.

प्रतिसाद: शब्द चुकला की उपायही चुकतो. हट्ट समजून ‘का रडतोस? सांग ना!’ म्हटलं, की ऐकायचं, अर्थ लावायचा, उत्तर शोधायचं हे आणखी ओझं. त्या वेळी बोलणं जवळजवळ बंद करावं. बोलायचंच तर हळू, दोन शब्द: ‘इथेच आहे.’ दिवे मंद, बघे बाजूला, लागेल असं सामान दूर. मिठी सरसकट नको. काहींना घट्ट दाब बरा वाटतो, काहींना साधा स्पर्श सोसत नाही. रडं थांबलं म्हणजे संपलं असंही नाही. लगेच अभ्यासाला बसवलं तर पुन्हा तेच.

मुलाच्या वागण्याच्या नोंदवहीत ‘हट्ट केला’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘4.10 मिक्सर सुरू, 4.12 कान झाकले, 4.15 ओरडणं’ असं लिहा. मदतीची वेळ 4.12 ची होती, हे मग दिसतं.

काही मुलं ओरडत नाहीत, बोलणं-हलणं थांबतं. त्याला ‘मिटून जाणं’ म्हणावं. शांत बसलंय म्हणून हे हमखास नजरेतून सुटतं.

प्रश्न: आणि ऑटिझम असलेल्याला ‘स्वमग्न’ म्हणतात, ते?

प्रतिसाद: ‘ऑटिझम’चं मूळ ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः. मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलरने ‘ऑटिझम’ हा शब्द स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला, बालमानसोपचारतज्ज्ञ कॅनरने 1943 मध्ये मुलांबद्दल वापरला. भाषांतर चोख आहे, पण ‘मग्न’मध्ये आपखुशीने रमल्याची छटा येते. बोलताना ‘ऑटिझम आहे’ पुरे.

प्रश्न: मुलाने ऐकलेलं वाक्य तसंच म्हणण्याला ‘पोपटपंची’ म्हणतात. चालेल?

प्रतिसाद: अजिबात नको. पोपटपंचीत अर्थ नसतो, इथे बरेचदा असतो. ‘पाणी हवंय का?’ असं मूलच म्हणतं, तेव्हा त्याला पाणी हवं असू शकतं. पाणी मिळण्याच्या वेळी ऐकलेलं वाक्य त्याने अख्खं उचललेलं असतं. ‘प्रतिध्वनी-बोल’ म्हणा. उलट ‘हवंय का?’ विचारू नका, तेच परत येईल. पेला पुढे करत त्याच्या तोंडचं वाक्य म्हणा: ‘मला पाणी हवंय.’

मराठीत एक खास अडचण आहे. आई ‘मी येते’ म्हणते आणि मुलगाही ‘मी येते’ उचलतो. मुलग्यासाठी नमुना देताना आईनेही ‘मी येतो’ म्हणावं. सुरुवातीला ‘जायचंय’, ‘जेवायचंय’, ‘नकोय’ ही रूपं सर्वांत सोयीची: मुलगा-मुलगी, मी-तू, कशानेच बदलत नाहीत.